हाक बाहेर न जाणारी खोली

मी जुनी आहे आणि भित्री आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या, म्हणजे पुढे तुम्ही हसणार नाही. मित्रांनो, मी एक अँटेना आहे. पण गच्चीवर उभी राहून कावळ्यांना बसायला जागा देणारी नव्हे. माझं सगळं कामाचं आयुष्य एका बंद खोलीत गेलं.

ॲल्युमिनियमच्या नळ्या कापणाऱ्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. एका लांब दांड्यावर आधी बोटाएवढ्या, मग हाताएवढ्या काड्या ओळीनं बसवल्या आणि मागे दोन मोठे त्रिकोणी पंख जोडले. वरून पाहिलं तर मी माशाच्या काट्यासारखी दिसते. लहान काड्या भराभर थरथरणाऱ्या लहरी पकडतात, मोठे पंख संथ लहरी पकडतात. कोणती लहर मला किती ऐकू येते, ते नीट मोजून घेतलं आणि मग मला खोक्यात घालून पुण्याला, हडपसरला पाठवलं.

तिथल्या औद्योगिक वसाहतीत साईनाथ सरांची चाचणी प्रयोगशाळा आहे. प्रत्येक विजेचं यंत्र थोड्याफार लहरी बाहेर फेकतं. घरात मिक्सर सुरू झाला की रेडिओ खरखरतो, तसंच. एका यंत्राच्या लहरींनी दुसरं यंत्र बिथरलं तर? दवाखान्यातलं यंत्र बिथरलं तर? म्हणून नवं यंत्र बाजारात जाण्याआधी आमच्याकडे येतं. आधी मी त्याचं ऐकते, ते किती गोंगाट करतं ते सांगते. मग माझ्यामागे एक मोठा अँप्लिफायर, म्हणजे लहरींना जोर देणारं यंत्र, जोडतात आणि मी त्या यंत्रावर ओरडते. माझ्या ओरडण्यानं ते गडबडलं नाही, तर ते पास.

हे सगळं ज्या खोलीत चालतं, तिची मला पहिल्या दिवसापासून भीती वाटते. तिच्या भिंती जाड पोलादाच्या आहेत. आतून भिंतींना, छताला आणि दारालासुद्धा काळ्या फोमचे हातभर लांब सुळके लावलेले आहेत. सगळे आतल्या बाजूला रोखलेले. बाहेर सोलापूर रस्त्यावर हॉर्न, मोबाईलचे टॉवर, रेडिओची केंद्रं यांचा नुसता कल्लोळ असतो. दार लागलं की काही म्हणजे काही उरत नाही. ते सुळके लहरी गिळतात आणि आवाजही गिळतात. तिथे माणूस बोलला तर शब्द त्याच्या ओठांपाशीच विझतात. नवी माणसं आत आली की थोड्या वेळानं गप्प होतात आणि दाराकडे बघत राहतात.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. साईनाथ सर स्वतः मऊ कापडानं मला पुसायचे. "हिच्या कानाला तोड नाही," असं पाहुण्यांना सांगायचे. मग वर्षं गेली. नवनवी यंत्रं आली. ज्या मोजणीला पूर्वी अख्खी दुपार लागायची, ती चहा संपायच्या आत व्हायला लागली. कामं वाढली तशी घाई वाढली. माझी एक काडी वाकली, ती कुणीतरी पकडीनं सरळ केली. माझी दरवर्षीची तपासणी पुढे ढकलली गेली. मला त्याचं एवढं दुःख नव्हतं. खरी काळजी दाराच्या खटक्याची होती.

दार पूर्ण बंद असल्याशिवाय मला ओरडता येऊ नये, आणि कुणी दार उघडलं तर मी तत्क्षणी गप्प व्हावं, यासाठी दाराला एक खटका होता. तो बिघडला. नवा मागवला होता, पण तो येईपर्यंत काम कसं थांबवायचं? म्हणून एका वायरच्या तुकड्यानं त्याची दोन टोकं जोडून टाकली. आता दार उघडं असो की बंद, यंत्राला ते कायम बंदच वाटायचं. आतले संकटाच्या वेळी लागणारे दिवेही त्याच खटक्याच्या तारेवर होते. तेही गेले. सगळे म्हणाले, चालतंय ना, मग चालू दे.

एके दिवशी दुपारी हिंमतराव आणि त्यांची मुलगी शर्मिला आमच्याकडे आले. हिंमतराव मांजरी गावाकडचे जुने शेतकरी. शेताच्या मोटारी मोबाईलवरून चालू-बंद करणारी एक पेटी बापलेकीनं बनवली होती. त्यांच्या गावात एक माणूस विहिरीवर मोटार दुरुस्त करत असताना दुसऱ्या कुणीतरी बनवलेल्या पेटीनं मोटार आपोआप सुरू केली आणि त्याची दोन बोटं गेली होती. हिंमतरावांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आपल्या पेटीनं असं व्हता कामा नये," ते तनुजाला म्हणाले. "म्हनून आलो बघा. पास झाली नाही तरी चालंल, पन खरं काय ते सांगा."

तनुजा आमच्याकडची इंजिनिअर. ती हसून म्हणाली, "काका, खरंच सांगते आम्ही. त्याचेच तर पैसे घेतो."

प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे हिंमतरावांनी आपला मोबाईल बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवला. तनुजानं आणि तिच्या मदतीला असलेल्या संतोषनं पेटी टेबलावर मांडली, मला तिच्यासमोर उभं केलं आणि सगळे बाहेर गेले. त्या खोलीच्या दारावर एक पाटी आहे: पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींनी आत जाऊ नये. पण दार उघडलं की ते भिंतीला टेकतं आणि पाटी भिंतीकडे तोंड करते. ज्या वेळी आत जाता येतं, नेमकी त्याच वेळी ती कुणाला दिसत नाही.

संतोष तनुजाच्या पडद्यासाठी केबल आणायला गेला. तनुजा शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसली, शर्मिला तिच्या मागच्या खुर्चीत. तेवढ्यात हिंमतराव एकटेच परत आत आले. पेटीच्या झाकणाचा स्क्रू सैल असल्याची त्यांना शंका आली होती. ते टेबलामागे गेले, वाकले, आणि त्यांचा चष्मा खाली पडला. तो शोधायला ते गुडघ्यांवर बसले.

संतोष परत आला. त्यानं दारातूनच नजर टाकली. त्याला टेबल दिसलं, पेटी दिसली, मी दिसले. त्यानं दार लोटलं आणि बाहेरून मूठ फिरवली.

मग दिवे गेले. खोलीतले दिवेसुद्धा लहरी फेकतात, म्हणून मोजणीच्या वेळी ते घालवतात.

"अहो!" हिंमतराव म्हणाले. मग मोठ्यानं, "अहो, मी आत हाय!"

सुळक्यांनी ती हाक गिळली. मी समोरच होते, मला ती ऐकू आली. पण मी माणसांची हाक बाहेर नेऊ शकत नाही. मी फक्त लहरी नेते.

ते उठले आणि हात पुढे करून चालू लागले. आतून दार उघडायला मूठ आहे. पण अंधारात चारही भिंती सारख्याच, दारही सुळक्यांचंच. त्या खोलीत पावलांचाही आवाज परत येत नाही, त्यामुळे माणसाला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. ते डावीकडे गेले, सुळक्यांवर आदळले, मागे फिरले, तोल जाऊन खाली बसले. त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला. मग ते जे बोलले, त्यानं मी गारठून गेले.

"आरं, उघडा की रं! माझ्या छातीत मशिन बसवलंय. दिवाळीत बसवलंय. शर्मे, उघड की!"

मित्रांनो, पेसमेकर म्हणजे हृदयाला ठोक्याची आठवण करून देणारं इवलंसं यंत्र. माझा आवाज मोठमोठ्या पेट्यांना बिथरवतो. मी या माणसापासून चार हातांवर होते. आणि माझ्यामागे अँप्लिफायर गुणगुणायला लागला होता.

मला ओरडायचं नव्हतं. पण मला हवं-नको नाही. बाहेरून शक्ती आली की ती माझ्या काड्यांतून बाहेर पडतेच. ॲल्युमिनियम नाही म्हणू शकत नाही.

बाहेर काय बोलणं चाललं होतं ते मला नंतर कळलं, कारण त्या दिवसानंतर तिथे सगळे पुष्कळ दिवस तेच बोलत होते. साईनाथ सर तनुजाच्या मागे येऊन उभे राहिले होते.

"थेट पॉवर दे," ते म्हणाले. "पुढचे लोक येऊन बसलेत."

"आधी रिकाम्या खोलीचं ऐकून घेते, सर."

"सकाळी ऐकलंस ना?"

"सकाळपासून दार कितीदा उघडलं, सर. पेटी बंद आहे, एकदा ऐकते आणि लगेच देते."

"ऐक, ऐक. आपल्याकडे वेळ उतू चाललाय."

खट् झालं आणि मला ऐकण्याच्या बाजूला जोडलं. मी माझे सगळे पंख, सगळ्या काड्या पणाला लावून ऐकू लागले. पेटी मुकी होती. खोली मुकी होती. आणि त्या मुकेपणात हिंमतरावांच्या मनगटावरून काहीतरी बारीक, चिमणीसारखं टिवटिवलं.

ऑपरेशननंतर शर्मिलानं त्यांना ठोके मोजणारं घड्याळ घेऊन दिलं होतं. ते ज्या मोबाईलशी जोडलेलं होतं, तो बाहेर ट्रेमध्ये होता, पोलादाच्या पलीकडे. तो सापडत नाही म्हणून घड्याळ त्याला पुन्हा पुन्हा साद घालत होतं. त्याची साद फार क्षीण होती. पण मी ती ऐकली आणि केबलमधून बाहेर दिली. एवढंच मला करता येत होतं.

पडद्यावर एक टोकदार रेघ उठली, पडली, पुन्हा उठली.

"हे काय?" तनुजा म्हणाली. "पेटी बंद आहे. मग बोलतंय कोण?"

"दारातून कुणाचं तरी वायफाय गळतंय," साईनाथ सर म्हणाले. "दाराच्या कडेच्या पट्ट्या झिजल्यात. पॉवर दे, बघू नंतर."

खट्. मला बोलण्याच्या बाजूला जोडलं. मित्रांनो, आयुष्यात मी पुष्कळ वेळा तो खट् आवाज ऐकला होता, पण त्या वेळी वाटलं की माझे सगळे सांधे आता निखळतील तर बरं. समोर अंधारात हिंमतराव छातीवर दोन्ही हात दाबून बसले होते. त्यांनी हाका मारणं थांबवलं होतं. ते ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत होते.

तनुजाचा हात माऊसवर होता. तिनं तो उचलला.

"नाही, सर. गळती असेल तरी ती बघावी लागेल. दार उघडून बघते."

"तनुजा, लोक थांबलेत."

"थांबू देत."

त्याच वेळी मागे बसलेली शर्मिला म्हणाली, "अहो, बाबा कुठे दिसले का? चहाला म्हणून गेलेत असं वाटलं मला, पण संतोष म्हणतात तिकडे कुणीच नाही."

तनुजा ताडकन उठली. तिनं अँप्लिफायरचं लाल बटण दाबून तो बंद केला आणि ती धावली. दार उघडलं तेव्हा उजेडाची पट्टी थेट हिंमतरावांच्या तोंडावर पडली. ते घामानं भिजले होते. ओठ पांढरे पडले होते.

"बाबा!" शर्मिला किंचाळली. "अहो, त्यांना पेसमेकर आहे!"

साईनाथ सर आत आले आणि त्यांनी हिंमतरावांना बाहेर आणायला हात दिला.

हिंमतरावांना दवाखान्यात नेलं. त्यांचं यंत्र ठीक होतं, ठोके ठीक होते. घाबरण्यानं रक्तदाब तेवढा वाढला होता. संध्याकाळी शर्मिलाचा फोन आला तेव्हा संतोष खुर्चीत बसून रडला. साईनाथ सर दारापाशी गेले आणि ती वायर बघत राहिले.

"ही कुणी जोडली?" त्यांनी विचारलं.

"मी," संतोष म्हणाला. "तुम्ही सांगितलंत म्हणून."

सरांनी पकड मागून घेतली. त्यांनी स्वतःच्या हातानं ती वायर तोडली. नवा खटका येईपर्यंत खोली बंद राहिली. गिऱ्हाईकं चिडली, काही दुसरीकडे गेली. सरांनी कुणाला थांबवलं नाही. दार उघडं असतानाही वाचता येईल अशा जागी त्यांनी एक नवी पाटी लावली: 'आत कोणी नाही याची खात्री करूनच दार लावावे. खात्री म्हणजे अंदाज नव्हे.'

पुढे हिंमतरावांच्या पेटीची चाचणी झाली. ते काही आले नाहीत, शर्मिला एकटीच आली. मी ओरडले आणि पेटीनं मोटार सुरू करायचा इशारा आपोआप दिला. म्हणजे गावातल्या त्या माणसासारखं आणखी कुणाचं तरी झालं असतं. शर्मिलानं पेटीत बदल केले, पुन्हा आणली, पुन्हा नापास झाली. तिसऱ्या खेपेला मी जीव तोडून ओरडले आणि पेटी गप्प बसून राहिली. शर्मिलानं आत येऊन माझ्याकडे पाहिलं, पण ती फार वेळ थांबली नाही. त्या खोलीत तिला थांबवत नव्हतं.

आता त्या खोलीत एक भली मोठी कमान आली आहे. तिच्यावर बोटाएवढ्या कितीतरी अँटेना आहेत. यंत्राभोवती सगळ्या बाजूंनी त्या एकदम ऐकतात. मला तनुजानं शहरातल्या एका महाविद्यालयाला देऊन टाकलं. इथे कपाटावर धूळ खात मी पडलेली असते. कधीकधी मुलं मला खाली काढतात, माझ्या काड्या मोजतात आणि विचारतात, "ही अजून चालते का रे?"

चालते. म्हणून तर मला अजून भीती वाटते. कुणीतरी उत्साहाच्या भरात माझ्यामागे शक्ती जोडेल, आणि माझ्यासमोर कोण आहे हे बघायचं विसरेल. मित्रांनो, आम्हा यंत्रांची काळजी घ्या. आमच्यावरची धूळ पुसा, वाकलेली काडी वेळेवर बदला. पण त्याहून एक मोठी काळजी आहे. जो खटका माणसाला वाचवण्यासाठी बसवलेला असतो, तो बिघडला तर त्याचं तोंड वायरनं बांधू नका. काम थांबवा. कुणी घाई केली तरी थांबवा. बटण दाबण्याआधी आत डोकावा आणि मोठ्यानं विचारा, "कोणी आहे का?" उत्तराची वाट बघा.

मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.