वीस चौकोन

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या वास आला. एसीचा, अत्तराचा आणि चहात बुडवून विरघळलेल्या बिस्किटांचा. वीस साहेब लोक गोल टेबलांभोवती बसलेले. एक जण पेनाच्या टोपणानं कान कोरत होता, आणि कोरून झालं की टोपण बघायचा. शी.

हे म्हणे शहराच्या वेळेचं ट्रेनिंग. शहरातल्या माणसांचा दिवस कुठे जातो ते आधी मोजायचं, मग त्याप्रमाणे ऑफिसं, दवाखाने कधी उघडे ठेवायचे ते ठरवायचं. तीन दिवस. शिकवायला बाहेरून एक बाई आलेली. तिच्या हातात घड्याळ, गळ्यात घड्याळ, म्हणून मी तिला घड्याळबाई म्हणायचे.

मी तिथं कशाला? तर आईमुळे. आई त्याच बिल्डिंगमध्ये साफसफाई करते. पोछा पिळून पिळून तिचं मनगट असं सुजलंय की सकाळी वेणी मला घालावी लागते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आठवड्यातून दोनदा शेक घ्या, नाहीतर हात कायमचा जाईल. पण सरकारी दवाखाना नऊ ते एक. आईची ड्युटी सात ते तीन. रजा मागितली की सुपरवायझर म्हणतो, "खुशाल जा, दुसरी बाई दारात उभीच आहे."

आणि ट्रेनिंगच्या शेवटी ठरणार होतं की एक जागा रात्री आठपर्यंत उघडी ठेवायची. दवाखाना, नाहीतर पोहण्याचा तलाव. वेळ नसलेली माणसं जास्त निघाली तर दवाखाना. मोकळा वेळ असलेली जास्त निघाली तर तलाव.

प्रत्येक साहेबानं एका माणसासोबत अख्खा दिवस काढायचा आणि त्याचा फॉर्म भरायचा. दहा दहा मिनिटांचे एकशे चव्वेचाळीस चौकोन. आईच्या वाट्याला आला कंगवा. दर पाच मिनिटांनी खिशातून कंगवा काढून उरलेले चार केस बसवतो, म्हणून कंगवा. अख्खा दिवस कसला, गाडीतून उतरलासुद्धा नाही. काच खाली करून फॉर्म माझ्या हातात दिला. "शिकलेली दिसतेस. तूच भर."

शिकलेली! दहावीत बाईंच्या टेबलावर वही आपटून निघून आले ती परत गेले नाही. पण आईसाठी भरला. दिवसभर तिच्या मागे फिरले. फॉर्मवर आकडे होते: एक म्हणजे काम, दोन घरकाम, तीन प्रवास, चार झोप, पाच विश्रांती. वाट बघण्याला आकडाच नव्हता. मग मी तिथं चक्क अक्षरात लिहिलं. बसची वाट, तीन चौकोन. सहीसाठी सुपरवायझरची वाट, चार. मीटिंगवाले हॉल सोडतात कधी याची वाट, आठ. परतीच्या बसची, पाच. झाले वीस.

आज शेवटच्या दिवशी नागरिकांनीही यावं, असं म्हणाले होते. आई ड्युटीवर, म्हणून मी.

कंगवा उठला. भिंतीवर आईचा दिवस झळकला, रंगीत. "सफाई कर्मचारी महिला," तो म्हणाला. "विश्रांती, तीन तास वीस मिनिटं. म्हणजे बघा, आपल्यापेक्षा सुखी!"

सगळे हसले. कानवाला सगळ्यात मोठ्यानं.

माझं डोकंच फिरलं. "ओ साहेब, विश्रांती कुठली? मी तिथं 'वाट' असं लिहिलं होतं!"

"अगं, वाट बघताना माणूस काय करतो? काही नाही. काही नाही म्हणजे पाच नंबर."

"हो का?"

पहिल्या दिवशी साहेबांनी सरावासाठी स्वतःचेही फॉर्म भरले होते, ते मागच्या भिंतीवर चिकटवलेले होते. मी आल्याबरोबर वाचले होते. करमत नसलं की मी भिंती वाचते. गेले आणि कंगव्याचा फॉर्म टराटरा काढला.

"ऐका. सकाळी गाडीची वाट, दोन चौकोन. नंबर एक. मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर वाट, सात चौकोन. नंबर एक. मीटिंग सुरू व्हायची वाट, चार. नंबर एक. तुम्ही बूड टेकलं की काम, आणि माझी आई उभी राहिली तरी आराम?"

कंगव्याचा हात खिशाकडे गेला तो तिथंच थांबला. आता लोक त्याला हसत होते. घड्याळबाई म्हणाली, "मुलीचा मुद्दा बरोबर आहे. वाट बघणं ही विश्रांती नाही. ते चौकोन काढून टाका."

मला वाटलं, जिंकलो आपण. आईला सांगायला पळणारच होते.

तेवढ्यात कानवाल्यानं टोपण वर केलं. "मॅडम, मग बेरीज वीस तास चाळीस मिनिटं येते. खाली नियम छापलाय, चोवीस तास पूर्ण नसलेला फॉर्म बाद."

घड्याळबाईनं नियम वाचला. मग घड्याळ बघितलं. साडेबारा, जेवण आलेलं. "नियम तर आहे," ती म्हणाली.

सगळ्यांचे वाट बघण्याचे चौकोन काढले आणि वीसपैकी चौदा फॉर्म बाद झाले. कुणी बसची वाट बघत होतं, कुणी पाण्याची. उरले सहा. त्यांना कशाचीच वाट बघावी लागत नव्हती, दारात गाडी आणि घरात नोकर. त्या सहांना मोकळा वेळ भरपूर. तलाव पास! टाळ्या!

"आणि ह्यांचे फॉर्म?" मी भिंतीकडे बोट केलं.

"ते फक्त सरावाचे होते गं," घड्याळबाई गोड हसली. "तुझं निरीक्षण छान आहे हं." आणि प्लेट घ्यायला गेली.

मी बाहेर आले. दाराशी आई स्टुलावर, बादलीशेजारी, मनगटाला फडकं गुंडाळून.

"काय ठरलं गं? दवाखाना?"

"पोहायला येतं का तुला?"

तिला कळलं. फडकं घट्ट करायला लागली, डाव्या हातानं, दातात टोक धरून. मला ते बघवेना.

"दे तो पोछा."

"अगं थांब, त्यांचं जेवण होऊ दे. तास दीड तास जाईल, बस इथं."

"नाही बसत. नंबर पाच लागतो."

बादली उचलून आत गेले. पोछा पिळला आणि सरळ कंगव्याच्या टेबलाखाली घातला.

"ए! जेवतोय दिसत नाही?"

"दिसतंय ना. पाय वर घ्या."

"मॅडम, बघा जरा हिला..."

घड्याळबाई तोंडात घास घेऊन दुसरीकडे बघत होती. काळं पाणी बुटांपर्यंत आलं. कंगव्यानं एका हातात सँडविच धरून आधी एक पाय उचलला, मग दुसरा. मग शेजारच्यानं. मग कानवाल्यानं.

"किती वेळ असं धरायचं?" कंगवा गुरगुरला.

"वाळेपर्यंत," मी म्हटलं, आणि पोछा परत बादलीत बुचकळला.