निश्चिंतरावांची बायको

"आणि कपाट उघडतो तर काय! तीन डबे! एकावर एक!"

घड्याळजींनी दोन्ही हात वर केले आणि प्रार्थनेला जमलेल्या मंडळींच्या तोंडून एकदमच "वा!" निघालं. मागच्या सतरंजीवर बसलेल्या त्यांच्या बायकोने मात्र झटकन मान वर केली. कुठलं कपाट आणि कसले डबे, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"सकाळी शेजारचा ड्रायव्हर दारात उभा. बायको दवाखान्यात, घरात जुळी पोरं दुधासाठी रडून लाल झालेली. मी म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे काही असेलसं वाटत नाही, पण देव आहे ना! कपाटात हात घातला तर मागे हे! तिन्ही डबे त्याच्या हवाली केले. मी तर आणले नव्हते. मग ठेवले कोणी?"

घड्याळजी खोटं बोलत नव्हते, खरी पंचाईत तीच होती. घड्याळं दुरुस्तीला येईनाशी झाली तसं त्यांनी दुकान बंद केलं, आणि दुकानाबरोबर काळजीही बंद केली. ताट पुढे आलं की डोळे मिटून देवाचे आभार मानायचे आणि जेवायचं. गल्लीतले लोक त्यांना 'निश्चिंतराव' म्हणत, तेही कौतुकाने. काळजी वाटून घ्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती सगळीच्या सगळी बायकोच्या वाट्याला आली. शिंप्याच्या शर्टांना काजं करता करता ती साखर, साबण, काडेपेटी, सगळ्याची मनात उजळणी करायची.

सासूबाईंना आता घास गिळवत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेली दुधाची पावडर पाण्यात कालवून चमच्याने भरवायची, तेवढंच त्यांचं अन्न. औषधांच्या दुकानात ती कधी मिळे, कधी महिना महिना मिळत नसे. म्हणून तिने जास्तीची काजं करून ते तीन डबे मागे सारून ठेवले होते. आता दुकानात एकही डबा शिल्लक नव्हता.

ती उभी राहिली. सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती.

"अहो, ते डबे मी ठेवले होते. आईंचे."

घड्याळजी बघतच राहिले. "तू? मग मला बोलली नाहीस ती?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग पहिल्या रांगेतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई मागे वळल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "अगं, पण ते ठेवायची बुद्धी तुला कोणी दिली?"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माना डोलल्या. घड्याळजींचा चेहरा पुन्हा उजळला. ती खाली बसली. बाईंचं म्हणणं तिला पटत होतं, तिथेच तर सगळं अडलं होतं. एकेक डबा घरी आणला तेव्हा तिनेही देवापुढे हात जोडलेच होते. बाई चुकल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

घरी जाताना ती ड्रायव्हरच्या दाराशी थांबली. एकच डबा मागायचा, असं मनाशी घोकत होती. आत जुळी एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली होती. ओठांवर दूध वाळलेलं. ड्रायव्हर धावत बाहेर आला. "वहिनी, तुमच्या घरात देव नांदतोय बघा!"

"पोरांना जप हो," एवढंच ती म्हणाली आणि वळली.

घरी सासूबाई गळ्याशी टॉवेल घेऊन तयारच बसल्या होत्या. वापरातल्या डब्याचा तळ तिने चमच्याने खरवडला, डबा उलटा करून थोपटला. जे पडलं ते वाटीभर पाण्यात कालवलं.

"आज पातळ झालंय गं."

"हो, आई."

"असू दे. उद्याचं देव बघेल. माझा लेक म्हणतो ते काही खोटं नाही."

"बघेलच!" बाहेरच्या खोलीतून घड्याळजी म्हणाले.

ती भरवत राहिली. वाटी संपली. शेवटचा चमचा रिकामा झाला तरी सासूबाईंनी तो ओठांत घट्ट धरून ठेवला. तिनेही तो ओढला नाही. दांडी हातात धरून ती तशीच बसून राहिली.