सूर्यभान काष्टीकर आणि साथी

“लाल दिवा लागला की खोकायचं नाही, दादा. आणि मागचे, तुम्ही अजून एक पाऊल मागे.”

काचेपलीकडून साहेबांचा आवाज आला तसा कारभारी एक पाऊल मागे सरला. त्यात त्याला काही वाटलं नाही. गेली पंचवीस वर्षं तो मागेच उभा होता. थोरला भाऊ सूर्यभान तुणतुणं घेऊन पुढे आणि त्याच्या उजव्या खांद्यामागे डिमडी घेऊन कारभारी. सूर्यभाननं कडवं म्हणायचं, कारभारीनं धृपद उचलायचं. त्याला झील धरणं म्हणतात. गाणाऱ्याला दम घ्यायला उसंत मिळावी, त्याचा सूर खाली पडू नये, एवढंच झीलकऱ्याचं काम.

काष्टीच्या जत्रेत मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी दोघांना ऐकलं होतं. त्यांनी पत्र पाठवून बोलावलं, म्हणून १९७२ च्या फेब्रुवारीत सहा एकर जिराईत शेताचे हे दोन मालक धुतलेली धोतरं नेसून, जाड गालिच्याच्या त्या बंद खोलीत उभे होते. चार गाण्यांची तबकडी निघायची होती. तीन गाणी दुपारपर्यंत झाली. चौथं सूर्यभाननं स्वतः रचलेलं. सासरी हाल सोसणारी मुलगी पाखराजवळ निरोप देते:

जा रं पाखरा माहेराला, सांगावा घेऊन जाय
आईला माझ्या सांग, तुझी लेक सुखात हाय

गावात हे गाणं अर्धा तास चालायचं. इथं ते तीन मिनिटांत बसवायचं होतं. साहेबांनी त्याला अकॉर्डियन जोडलं होतं, ठेका दुप्पट केला होता. शेवटी मात्र सगळी वाद्यं थांबणार होती आणि दुसरी ओळ सूर्यभान एकटा, वर चढवून म्हणणार होता. जत्रेत या ओळीला बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

सात वेळा गाणं चुकलं. कधी तुणतुणं पुढे पळालं, कधी सूर्यभान खोकला. संक्रांतीपासून त्याच्या घशात काहीतरी खवखवत होतं. आठव्या वेळी सगळं जमत आलं. वाद्यं थांबली. सूर्यभाननं दम घेतला. दम आत गेला, पण आवाज बाहेर आला नाही.

कारभारीनं विचार केला नाही. पडता सूर उचलायची त्याच्या गळ्याला सवय होती. ‘आईला माझ्या सांग’ त्यानं मागून उचललं आणि ‘सुखात’वर तो असा चढला, की त्याचा त्यालाच तो आवाज ओळखू आला नाही. एरवी हा सूर त्याच्या वाट्याला यायचाच नाही.

लाल दिवा विझला. काचेमागे साहेब उठून उभे राहिले होते. “दादा, काय जागा घेतलीत! हेच ठेवू या.”

दोघा भावांचे आवाज एका विहिरीच्या पाण्यासारखे. काचेपलीकडं फरक कळला नव्हता.

“साहेब, ती वळ...” सूर्यभान बोलू लागला. कारभारीनं त्याचं मनगट दाबलं. बाहेर दुसरे गाणारे खोळंबले होते. परत म्हणायला लावलं तर दादाचा घसा साथ देईल, याची त्याला खात्री नव्हती.

दौंडला गाडी बदलून घरी येताना सूर्यभाननं विचारलं:

“तू का धरलीस ती वळ?”

“पडली म्हनून धरली. आजवर काय येगळं केलंय?”

“लई चांगली म्हनलास,” सूर्यभान म्हणाला. पंचवीस वर्षांत असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता.

तबकडी चैत्रात आली. निळ्या कागदावर छापलं होतं, ‘सूर्यभान काष्टीकर आणि साथी’. वैशाखातल्या एकाही लग्नाच्या मांडवात ती वाजायची राहिली नाही. दौंडपासून सोनईपर्यंत कर्ण्यांतून पाखरू माहेराला जायला लागलं. रेडिओवरच्या फर्माइशीत या गाण्यासाठी नावं वाचता वाचता निवेदन करणाऱ्या बाईंना दम लागायचा. नगरच्या एका रेकॉर्डच्या दुकानाबाहेर ‘सध्या जोरात’ असा फळा असे. त्यावर हिंदी सिनेमांच्या तबकड्यांच्या वर हे नाव सलग अकरा आठवडे राहिलं. काष्टीच्या स्टँडवर गहिनीनाथच्या हॉटेलात गिऱ्हाईक चहाआधी गाणं मागायचं. आणि प्रत्येक ठिकाणी, वाद्यं थांबून ती ओळ आली, की माणसं हातातलं काम थांबवायची. “काय गळा दिलाय देवानं सूर्यभानला!” असं म्हणायची.

कारभारी हे ऐकायचा आणि मान हलवायचा. त्याची बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भावजय रतनबाईच्या हातचं खायचं, शेतात राबायचं आणि दादाच्या मागे उभं राहायचं, एवढाच त्याचा प्रपंच. चारचौघांत दादाचं कौतुक झालं की त्याला खरंच बरं वाटायचं. कधी एकटा औत धरून चालताना मात्र तो ती ओळ हळूच म्हणून बघायचा आणि मध्येच थांबायचा.

पाऊस त्या वर्षी आलाच नाही. तरी श्रीगोंद्याला गणपतीत सूर्यभानचा सत्कार ठरला. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. शाल झाली, नारळ झाला, आणि लोक ओरडू लागले, “पाखरू! पाखरू!”

सूर्यभानचा आवाज तोवर चिरका झाला होता. तरी त्यानं तुणतुणं घेतलं. कारभारी मागे उभा राहिला. पहिली कडवी कशीबशी निभावली. शेवटी डिमडी थांबली. सूर्यभाननं दम घेतला आणि आवाज आला नाही.

मांडव गप्प झाला. कारभारीच्या गळ्यापर्यंत ओळ आली होती. पण समोर हजार डोळे होते. आता तोंड उघडलं तर तबकडीवरचा गळा कोणाचा, हे सगळ्यांना दिसणार होतं. दादाच्या अंगावरची शाल अजून घडीची होती. दादाची लाज राखायची म्हणून त्यानं ओठ घट्ट मिटले.

सूर्यभान तसाच उभा होता. मग त्याला खोकल्याची उबळ आली. कोणीतरी पाणी आणलं. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, “जाऊ द्या, तवा लावा!” आणि कर्ण्यातून तबकडी सुरू झाली. सूर्यभान खाली मान घालून आपलं गाणं ऐकत बसला. ती ओळ आली तशा टाळ्या पडल्या.

परतताना बैलगाडीत सूर्यभान घोगऱ्या आवाजात म्हणाला, “आज का न्हाई धरलीस?”

“लोकास्नी कळलं असतं, दादा.”

“कळू द्यायचं हुतं की. म्या तेच्यासाठीच थांबलो हुतो.”

कारभारीनं दादाच्या खांद्यावरून घसरलेली शाल सारखी केली. 

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली आणि पुण्याला पाठवलं. पुण्याहून दोन आठवड्यांत परत आणलं. दसऱ्याला सूर्यभानचा आवाज पुरता गेला. लिहिता दोघांनाही येत नव्हतं. भेटायला येणारी माणसं त्याला बरं वाटावं म्हणून गाण्याचीच गोष्ट काढायची. “ती एक वळ म्हंजे, दादा, तुमी अमर झाला!” मग सूर्यभान अंथरुणावरून हात उचलायचा आणि कारभारीकडे बोट दाखवायचा. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. माणसं मान डोलवायची. “व्हय व्हय, धाकल्याची काळजी नका करू. आमी हाय की.” आपण बोलावं, असं कारभारीला प्रत्येक वेळी वाटायचं. पण मरणाऱ्या भावाच्या उशाशी बसून ‘ती ओळ माझी’ कसं म्हणायचं? तो त्याचा उचललेला हात हातात घ्यायचा आणि पांघरुणात ठेवायचा.

दिवाळीनंतर आठ दिवसांनी सूर्यभान गेला.

गावाच्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं होतं. तेरावं झालं आणि कारभारी आणि रतनबाई खडी फोडायला जाऊ लागले. दर बाजारादिवशी रतनबाई कामावरून परतताना गहिनीनाथच्या हॉटेलाबाहेर थांबायची. आत जायची नाही. बाभळीच्या खोडाला टेकून उभी राहायची. गहिनीनाथ न सांगता तवा लावायचा. ओळ संपली की ती चालू लागायची. दहा पावलांवर कारभारी पाटी धरून वाट बघायचा. नवऱ्याचा आवाज ऐकायला थांबते बिचारी, असं गाव म्हणायचं. हे असं आहे तोवर आपण तोंड उघडायचं नाही, असं कारभारीनं मनाशी धरलं होतं. तिच्याजवळ दुसरं काय उरलं होतं?

माघात एक जीप खडीच्या ढिगांशी येऊन उभी राहिली. मुंबईचे साहेब उतरले. त्यांना पत्रानं बातमी कळली होती. त्यांनी रतनबाईसमोर हात जोडले. मग कारभारीला म्हणाले, “दादांच्या नावानं दुसरी तबकडी काढायची फार इच्छा होती. तुम्ही गाता ना? ते पाखराचं म्हणा बरं.”

कारभारीनं हातोडी खाली ठेवली. तीन महिने खडीची धूळ घशात गेली होती. तो उभा राहिला आणि नकळत एक पाऊल मागे सरला. पुढे कोणी नव्हतं. त्यानं गाणं म्हटलं. शेवटच्या ओळीला तो चढलाही. पण उचलायला पुढे पडता सूर नव्हता, आणि ‘सुखात’ नुसतंच उंच गेलं.

साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. “गळा चांगला आहे,” ते हळूच म्हणाले. “अगदी दादांसारखा. पण ती जागा... ती दादांचीच. ती पुन्हा कोणाला यायची नाही.”

ढिगाआडच्या बायकांच्या हातोड्या थांबल्या होत्या. चार हातांवर रतनबाई बसली होती, तिनं मान वर केली नव्हती.

“व्हय, साहेब,” कारभारी म्हणाला. “ती दादाचीच.”

जीप गेली. धूळ खाली बसली तशा हातोड्या पुन्हा चालू झाल्या. कारभारी येऊन आपल्या ढिगाशी बसला.

“भावजी,” रतनबाई हळू आवाजात म्हणाली, “खोटं का बोल्ला?”

त्याचा हात थांबला.

“तीस वरसं नांदले म्या त्येंच्या संगं. कुठला आवाज त्येंचा आन कुठला तुमचा, मला कळंना व्हय? पैल्याच दिशी कळलं. त्येंला इच्यारलं, तर म्हनले, व्हय, कारभारीची हाय.”

“मंग...” कारभारीनं हातोडी खाली ठेवली. “मंग तुमी बाजारादिशी थांबून काय ऐकता, वहिनी?”

तिनं दगड उचलला, फिरवून बघितला, खाली ठेवला.

“तुमच्या वळीच्या आदी त्ये दम घेत्यात,” ती म्हणाली. “श्वास ऐकू येतो त्येंचा. गान्यात त्येंला बगायला, ऐकायला समदी दुनिया हुती. ह्यो श्वास रातभर शेजारी असायचा, त्यो मला एकलीला ठावं. तेवढा ऐकते. मंग तुमी म्हनता, म्हंजी त्येंला आता बोलाय नगं, असं वाटतं. बरं वाटतं.”

कारभारी खाली मान घालून बसला. त्याच्या धुळीनं भरलेल्या गालावरून पाण्याची एक रेघ उतरली, आणि ती पुसायला त्यानं हात उचलला नाही.

पाण्याचा टँकर आला. बायामाणसं पत्र्याचे डबे घेऊन धावली. रतनबाईही उठली. रेटारेटीत तिला एकच डबा भरून मिळाला, तोही पाऊण. ती सांभाळत परत आली. तीस वर्षं तिनं घरात आधी नवऱ्याला वाढलं होतं, मग दिराला. आता ती कारभारीसमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी डबा पुढे केला.

“घसा कोरडा पडला आसंल तुमचा,” ती म्हणाली. “आदी तुमी घ्या.”