पाण्याचे दोन तक्ते

त... वंदनाताईंच्या मनगटाच्या आतल्या बाजूला, शिरेच्या अगदी वर, निळ्या बॉलपेनाने काढलेला त. त्याच्या शेजारची तीन अक्षरं खोडलेली होती, भाकरीचा भा, कपाशीचा क, मुलाच्या शाळेचा शा. आणि घामाने थोडा पसरलेला हा त तेवढा अजून उघडा होता. प्रांजलीने नजर काढून घेतली. तो त तिचाच होता. तिने करायचे तक्ते.

वंदनाताई ग्रंथालयाच्या बाकावर बसल्या आणि पदराने मान पुसू लागल्या. पस्तिशी ओलांडलेल्या, चौदा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा कॉलेजात आलेल्या, बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला. त्यांच्या शेतात बियाण्याची कपाशी होती. रोज संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्या पुंकेसर काढून सोलून ठेवायच्या आणि सकाळी ऊन तापायच्या आत त्यांना दुसऱ्या फुलाचा पराग लावायचा. ते उरकून, बदनापूरहून बस पकडून ही बाई बाराच्या ठोक्याला जालन्यात हजर, आणि वहीत कालच्या तासाचं टिपण पूर्ण. कसं जमतं यांना? प्रांजलीला त्यांचा हेवा वाटत नसे; हेवा करायला माणूस थोडं तरी आपल्या बरोबरीचं लागतं. तिला नुसतं बघत बसावंसं वाटे.

तिच्या स्वतःच्या घरी भिंतीवर वेळापत्रक होतं. चार रंगांचं, पहाटे पाचपासून सुरू होणारं. घरी कोणी आलं की तिचे वडील, अण्णा, आधी त्या भिंतीपाशी नेत. सात पिढ्या मेंढरांमागं फिरलेल्या घरातली पोर मिनिटा-मिनिटाचा हिशेब ठेवते, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा... आणि ती आतल्या खोलीत पुस्तक उघडं ठेवून नखं कुरतडत बसायची. पाचचा हिरवा चौकोन तिने वर्षभरात एकदाही पाळला नव्हता.

"झाले का गं तक्ते?"

"झालेच, ताई. थोडं राह्यलंय."

"थोडं म्हंजे किती?"

"पाच मिन्टं."

वंदनाताईंनी वर पाहिलं. रागाने नव्हे, बियाण्याची पिशवी हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यावा तसं. "पाच न्हाई. खरं सांग."

पंख्याची घरघर एकदम मोठी झाली. दोघींचा मिळून भूगोलाचा प्रकल्प, वंदनाताईंच्या गावची पाहणी, त्रेचाळीस घरं, सहा तक्ते. आज तीनला सरांच्या टेबलावर हवा होता. वीस गुण. वंदनाताईंनी महिनाभर घरोघर जाऊन माहिती आणली, तिच्या हातात दिली, आणि ती रोज म्हणत आली – होतंय, होत आलंय, उद्या देते...

"एकबी झाला न्हाई," प्रांजली म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

आता त्या बोलतील. बोलावं त्यांनी. बोलल्या म्हणजे रडता येईल, आणि रडलं की अर्धं फिटतं.

पण वंदनाताईंनी घड्याळाकडं पाहिलं. "बारा. एक तक्ता कर माझ्यासमोर. किती येळ लागतो ते तर कळू दे."

चाळीस मिनिटं लागली. प्रांजलीला वाटलं होतं दहा. तेवढ्यात वंदनाताईंचं प्रस्तावनेचं पान भरून झालं होतं आणि मधेच चतुराबाईंचा, त्यांच्या सासूचा, फोन येऊन गेला होता – "डब्यात हाय बघा, खालच्या" – एवढंच, आणि पेन पुन्हा त्याच ओळीवर. काय हे माणूस! भाकरीला किती वेळ लागतो, एका कळीला किती, एका पानाला किती, सगळं यांना ठाऊक. आणि मला? मला माझ्या एकाही कामाचा वेळ ठाऊक नाही. मी फक्त चौकोन रंगवले, मनात आला तसा वेळ लिहून...

"मला अजून निष्कर्ष लिहायचे हायेत, नकाशाबी राह्यलाय," वंदनाताई म्हणाल्या. "तुझे अजून तीन होतील. मंग बायंडिंगला वीस मिन्टं. दोन सोडायचे."

"कोणते?"

त्यांनी कागद चाळले आणि दोन गठ्ठे बाजूला काढले. कोणत्या घरची बाई पाण्याला किती वेळा जाते, आणि एका खेपेला किती मिनिटं मोडतात. हीच माहिती त्यांनी सर्वांत जपून आणली होती. त्यातल्याच एका घरच्या केशरबाईंच्या मागोमाग विहिरीपर्यंत त्या स्वतः चालत गेल्या होत्या, हातातल्या घड्याळाकडं बघत.

"ताई, हे नका सोडू. हे तर तुमचं..."

"माझंच हाय म्हणून सोडता येतंय. दुसऱ्याचं कसं सोडू? लिही, जल्दी."

तिने लिहिलं. मान वर न करता, दोन तास, आयुष्यात पहिल्यांदा. बायंडिंग होऊन तीनच्या ठोक्याला प्रकल्प सरांच्या टेबलावर होता. सरांनी पानं उलटली. "पाण्याचं काय झालं? विषय तर तोच चांगला होता."

प्रांजली आपल्या चपलांकडं बघू लागली.

"वेळेत बसलं न्हाई, सर," वंदनाताई म्हणाल्या. एवढंच. तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

दोघींची परतीची बस एकच होती. वंदनाताई खिडकीशी बसल्या, डोळे मिटून. सोलायच्या कळ्या वाट बघत होत्या, आणि तोवर मिळालेली ही थोडी झोपसुद्धा बहुतेक ठरलेली असावी. ते दोन गठ्ठे प्रांजलीच्या मांडीवर होते. तिने ते मागून घेतले होते, का ते तिलाही सांगता आलं नसतं. सर गुण देतील, पाण्याच्या तक्त्यांचं कुणी विचारणारही नाही. तरीही...

बदनापूर जवळ आलं. वंदनाताई जाग्या झाल्या, कागदांकडं बघून म्हणाल्या, "कशाला वझं नेतीस?"

उद्या करून देते, ताई – वाक्य तोंडात तयारच होतं, नेहमीसारखं, गोड, बिनखर्चाचं. प्रांजलीने ओठ उघडले. उद्या? त्रेचाळीस घरं, प्रत्येक घराच्या चार-पाच खेपा, एकेका खेपेची मिनिटं... किती लागेल? तिला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं; आणि ते माहीत नसणं आज लाजेसारखं टोचत नव्हतं, उघड्या रानात उभं राहावं तसं मोकळं आणि थोडं भीतीचं होतं.

वंदनाताई उत्तराची वाट बघत होत्या. तिने ओठ मिटून घेतले आणि पहिल्यांदाच त्या वचनाची जागा रिकामी राहू दिली.