पोचा पडलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मला पाहून तुम्ही ‘किती छान!’ म्हणाल. पण जरा थांबा, आधी माझं ऐका.

कारखान्यात माझ्या पोटात सोयाबीनवर फवारायचं विष भरलं गेलं. शेतकरी त्याला औषध म्हणतात. उदगीरजवळच्या गुरुबसप्पांनी मला आणि माझ्या जोडीच्या डब्याला विकत आणलं. माझं घट्ट झाकण विळ्याने उघडताना माझ्या कुशीला पोचा पडला. रिकामे झाल्यावर आम्हाला भोकं पाडून पुरायचं असतं. पण फवारून दमलेल्या गुरुबसप्पांनी आम्हाला बांधावर भिरकावलं. पावसात आमच्यावरचे कागद गळून पडले, त्यांवरची धोक्याची कवटीही गेली. सांध्यांत मुरलेलं विष मात्र गेलं नाही.

लातूरला चित्रकला शिकणारी त्यांची मुलगी स्वप्नाली सुट्टीत आली. तेलाचा डबा असेल असं समजून तिने मला घरी नेलं, घासलं, निळा रंग दिला. पोचा ठोकून सरळ केला नाही. त्यातच मोराचा डोळा काढला. इतक्या मायेने मला कधी कुणी पाहिलं नव्हतं. मी हरखलो आणि घाबरलोही, कारण रंगाच्या वासात माझा वास झाकला गेला होता. मला ओरडता थोडंच येतं!

तिची आई नीलाबाई. लेकीच्या कौतुकापोटी तिने माझ्यातच ताक भरलं आणि तूर कापणाऱ्या बायांसाठी शेतात आणलं. त्यांच्यातल्या अंबिकाने पेला पुढे केला. मी तिरपा झालो. तेवढ्यात गुरुबसप्पांची नजर मोराच्या डोळ्यावर गेली.

"थांब. हा पोचा माझ्या विळ्याचा हाय. ह्यात औषध होतं."

नीलाबाईने मला झटकन सरळ केलं. ताक खड्ड्यात ओतलं गेलं. स्वप्नाली रडत मला फेकायला निघाली.

"फेकू नको," गुरुबसप्पा म्हणाले. "मी फेकला म्हणूनच तुला घावला."

त्यांनी तिला खिळा आणि हातोडी दिली. तिने मोराच्या पिसाऱ्यात भोकंच भोकं पाडली. आता माझ्यात थेंबभरही काही राहत नाही. अंगणातल्या कडुलिंबाला मी टांगलेला असतो, आणि माझ्यातून ऊन ठिपक्याठिपक्यांनी खाली सांडतं.

मित्रांनो, टाकलेल्या वस्तूंना जरूर रंग द्या. आम्हालाही सुंदर व्हावंसं वाटतं. पण आमच्या पोटात आधी काय होतं, ते विचारा. बांधावरचा माझ्या जोडीचा डबा कुणीतरी उचलून नेला आहे. तो कुणाच्या घरात आहे, ठाऊक नाही. त्याला पोचा पडलेला नाही.