नाल्यावरची ठकठक

मित्रांनो, जन्माने मी रबर आहे; मधली काही वर्षं मात्र मी भूत म्हणून काढली. दोन्ही कामं सारखीच. अंधारात राहायचं, भार वाहायचा आणि वरच्यांनी आपल्याला कधी पाहायचं नाही.

लढाईतल्या एका जीपमध्ये गिअरपेटीच्या पोटाखाली माझी जागा होती. पेटीचं वजन पेलायचं, तिची थरथर गिळायची, वर बसलेल्यांना काही कळू द्यायचं नाही. लढाई संपली, जीप लिलावात निघाली आणि १९५० सालानंतर दर्यापूरजवळच्या एका खेड्यात गोदाबाईंच्या थोरल्या पोराने, सूर्यभानने, ती आणली. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत बैलगाडी रुतायची, जीप मात्र चारही चाकांनी ओढत निघायची. गाव चाकांचं कौतुक करायचं. असो.

सूर्यभान तेवढा गाडीखाली निजून मला बघायचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, हळद-लोणी चोळतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. सूर्यभानच्या मते गाडीचा खांदा म्हणजे मीच. गोदाबाईंनी वाटी दिली आणि त्याने मलाही लोणी लावलं, वर गोडं तेल चोपडलं. इतकी माया मला कारखान्यातही कुणी दाखवली नव्हती. लोण्याने बैलाचा खांदा मऊ होतो आणि बरा होतो. रबर नुसतंच मऊ होतं. पण हे मी कोणाला सांगणार?

गावाच्या अलीकडे एक नाला आहे. तो ओलांडून चढ चढला, की सूर्यभान जीपच्या पत्र्यावर हात मारायचा. ठक, ठक. मग घरी गोदाबाई तव्यावर भाकर टाकायच्या. एका वर्षी त्याला तापाने धरलं. धाकटा चंद्रभान त्याला जीपमध्ये घालून अमरावतीच्या दवाखान्याकडे निघाला, आणि त्याच नाल्याच्या थडीवर, मागच्या बाकावर, सूर्यभान शांत झाला. हे सर्वांत आधी मला कळलं. वजन तेवढंच होतं, पण ते वेगळं बसलं.

पुढे चंद्रभान जीप चालवू लागला. भावाची आठवण म्हणून दर पोळ्याला माझं तेल-लोणी चालूच राहिलं. बोल्ट ढिले झाले, तिकडे कोणी पाहिलं नाही. नाल्याचा चिखल माझ्याभोवती वाळून दगड झाला. शेवटी मी एका कडेने फाटलो. आता चढावर गिअर पडला की पेटी वर उचलली जायची आणि आपटायची. ठक. चढ संपला की पुन्हा ठक.

नेमकं त्याच जागी.

पहिल्यांदा असं वाजलं तेव्हा गोदाबाई मागे बसल्या होत्या. त्या जरा सरकल्या आणि म्हणाल्या, "सूर्यभान बसला."

त्या दिवसापासून त्यांना दर्यापूरला फार कामं निघू लागली. कधी मीठ संपायचं, कधी सुई हरवायची. बाकावरची शेजारची जागा त्या मोकळी ठेवत. कुणी टेकू लागलं, तर "तिथी पोरगा हाये" म्हणत. मग गावातल्या धीट गड्यांनाही पायी जाणं प्रकृतीला बरं वाटू लागलं. अशा रीतीने, अर्ज न करता, मी भूत झालो.

दर्यापूरच्या भगवंत मिस्त्रीने एकदा दिवा घेऊन मला पाहिलं. बाहेर येऊन तो म्हणाला, "भूत नाही माय, रबर फाटलं हाये. हे तुटलं तं पेटी खाली येईन. नाल्यात आली तं तुमी सारे तिथंच राहान."

गोदाबाईंनी बाकावरच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "हे बदललं तं तो मायासंगं बोलन कसा?"

मिस्त्रीने दिवा विझवला. भाऊ दवाखान्यात पोचवता न आलेल्या चंद्रभानने आईचं एवढं म्हणणं मोडलं नाही. त्याने माझे बोल्टही आवळू दिले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात, नाला भरून वाहत असताना, ऐन मध्यात मी तुटलो. पेटी कलली, गिअर सुटला, जीप उभी राहिली. पुढे चंद्रभानची बायको शकुन तान्हं पोर घेऊन बसलेली, मागे गोदाबाई. पाणी बाकाला लागलं. त्या दिवशी ठकठक झाली नाही. एकच आवाज झाला, मग नुसतं पाणी. थडीवरच्या कुणीतरी बैल जोडून आम्हाला ओढून काढलं. बैलांचे खांदे शाबूत होते. लोणी त्यांना मानवतं.

काठावर निथळत गोदाबाई म्हणाल्या, "बदल बाबा. मेल्याचं आयकता आयकता जित्याले बुडवलं असतं म्या."

मिस्त्रीने नवं रबर बसवलं. मला गोदाबाईंनी फेकू दिलं नाही. फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. परतताना नाला आला. पेटी गुपचूप. चंद्रभान दोन्ही हातांनी चाक धरून समोर पाहत होता; मागे पाहायचा त्याला धीर नव्हता. चढ संपला.

ठक, ठक.

चंद्रभानने उतरून खाली वाकून पाहिलं. नवं रबर जागेवर, बोल्ट घट्ट. गोदाबाईंचे दोन्ही हात माझ्यावर होते. शपथेवर सांगतो, मी काही केलं नाही.

आता चंद्रभान चिखल धुतो, रबरावर गळलेलं तेल पुसतो, बोल्ट आवळतो, दिवा धरून भेग शोधतो. पोळ्याचं लोणी बॉनेटला लावतो. मित्रांनो, तुम्हीही असंच करा. माया करा, पण ज्याला जे मानवतं तेच द्या. गाडीखाली आवाज आला तर आधी वाकून पाहा. सगळं ठीक असूनही वाजलंच, तर गाडी जरा हळू घ्या. कुणीतरी चढायचं राहिलं असेल.