पहिल्यानं कोण बघणार

दुर्बीण शाळेत आली ती गोणपाटात गुंडाळून, टांग्यात आडवी, उसाच्या मोळीसारखी. चाटी गल्लीतल्या कुणा व्यापाऱ्यानं वडिलांच्या नावानं ती मुलींच्या शाळेला दिली होती. देताना फोटो निघाला, दुर्बिणीला हार पडला, आणि मग ती प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात हाडांच्या सांगाड्याशेजारी जाऊन उभी राहिली. सांगाड्याला निदान मुली भीत तरी होत्या. दुर्बिणीकडं ढुंकून कुणी बघत नव्हतं.

बघायची ती एकटी दाक्षायणी. शास्त्राची बाई. पस्तिशीला टेकलेली, लग्न न झालेली, आवाज जरा चढा. शाळा सुटली की शिपाई बाळासोला हाताशी धरून ती दुर्बीण मैदानात काढायची आणि राहतील तेवढ्या मुलींना चंद्रावरचे खड्डे दाखवायची. राहायच्या चार-दोनच. बाकीच्यांना घरी पाणी भरायचं असे.

मग संस्थेचे सेक्रेटरी रुद्रप्पा यांच्या मनात आलं, की ही वस्तू मुलांच्या कॉलेजात शोभेल.

"मुलींना चांदण्या बघायला दुर्बीण कशाला हो बाई? स्वयंपाकघराच्या खिडकीतनं दिसत्यात की."

दाक्षायणी भांडली. गुरू आणि शुक्र माघातल्या सोमवारी एका बोटाच्या आड मावतील इतके जवळ येणार आहेत, इतके जवळ पुन्हा कधी दिसतील सांगता येत नाही, आणि ते मुलींना, गावाला दाखवायचं आहे, म्हणाली. रुद्रप्पा भुसाराचे व्यापारी. सौदा केल्याशिवाय त्यांना नाही म्हणता येत नसे आणि हो तर त्याहून नसे.

"दाखवा. सोमवारी मी येतो. लोकांची रांग लागली, तर दुर्बीण तुमची. न्हाय लागली, तर मंगळवारी बाळासो ती कॉलेजात पोचवंल. बोला."

दाक्षायणीनं मुलींकरवी वस्तीत निरोप धाडले. होटगी रोडच्या बाजूला, शाळेच्या मागं ती वस्ती. मैंदर्गीकडून, अक्कलकोटाकडून गिरणीच्या कामाला आलेली माणसं. अर्ध्या घरांत भांडण कानडीत व्हायचं आणि समजूत मराठीत.

सोमवार उजाडला, मावळतीला आला. पंच्याहत्तर सालचा फेब्रुवारी. थंडी संपली नव्हती आणि उन्हानं डोळे वटारायला सुरुवात केली होती. दिवस बुडाला तसं आभाळ पश्चिमेला केशरी झालं, मग शेंदरी, मग ताकासारखं पांढुरकं. त्या ताकात लोण्याचा एक थेंब वर यावा तसा एक प्रकाश दिसू लागला. नीट न्याहाळलं तर तो एक नव्हता. दोन होते, एकमेकांना चिकटून. वर अर्ध्याला आलेला चंद्र होता, पण त्या दिवशी त्याला कोण विचारतं!

आणि लोक आले. अपेक्षेपेक्षा जास्त आले. बायका पोरं काखोटीला मारून आल्या, पाळीवरून सुटलेले कामगार पिशव्या घेऊन तसेच आले. सगळे आले आणि मैदानाच्या तारेच्या कुंपणापाशी थांबले. तारेच्या आत एक माणूस येईना.

दाक्षायणीनं हाका मारल्या. "या की पुढं! या ना!"

कुंपणाशी कुजबुज झाली, हसू झालं, ढकलाढकली झाली. पुढं कुणी नाही.

"काय झालंय रे ह्यांना?" तिनं बाळासोला विचारलं.

बाळासोनं कान खाजवला. "गल्लीतल्या स्वामींनी पंचांग बघून सांगितलंय बाई. एका अंशात दोन ग्रह आले म्हंजे ती भेट न्हवं, लढाई. पहिल्यानं जो बघंल त्याच्या घरावर येतं म्हणं. दुसऱ्यानं, तिसऱ्यानं बघितलं तर काय न्हाय."

"मग पहिल्यानं तू बघ."

"माझ्या घरात माणसं हायत बाई," बाळासो म्हणाला आणि तिपाईचा स्क्रू उगाच आवळत बसला.

"अरे, पहिल्यानं मी बघितलंय! दिवस मावळल्यापासनं बघतेय!" दाक्षायणी कुंपणाकडं वळून ओरडली.

तिकडून सोजरबाईचा आवाज आला. सोजरबाई म्हणजे नळावरचं वर्तमानपत्र. "तुमचं काय वो बाई! तुमचं घर कुटं हाय, त्येच्यावर यायला!"

कुंपण खदखदलं. दाक्षायणीलाही क्षणभर हसावं की काय कळेना. तिनं डोळा काचेला लावला. आत दोघं होते. शुक्र लहान, पांढराशुभ्र, डोळ्यात टोचणारा. गुरू त्याच्याहून मोठा, मळकट पिवळा, अंगावर पुसट पट्टे, शेजारी ओळीनं बारीक ठिपके. लढाईचं कुठं काही चिन्ह नव्हतं. दोघं आपापल्या जागी, आपापल्या कामात होते.

रुद्रप्पा मैदानाच्या मधोमध लाकडी खुर्चीवर बसले होते.

"साहेब, तुम्ही तरी बघा."

"मी चष्मा विसरलोय," रुद्रप्पा म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशात होता, दांडी बाहेर आली होती. "आणि बाई, रांग कुटं हाय? मी गर्दी न्हवती म्हटली. रांग म्हटली हुती."

वेळ थोडा होता. मावळतीला निघालेले ग्रह कुणाच्या रुसव्याफुगव्यासाठी थांबत नाहीत. दोघं कडुनिंबाच्या शेंड्याकडं उतरू लागले होते. दाक्षायणीनं मनातल्या मनात दुर्बीण गोणपाटात गुंडाळून टाकली.

तेवढ्यात कुंपणाची माणसं बाजूला झाली आणि निंगव्वा आत आली.

निंगव्वा मैंदर्गीची. वस्तीतल्या प्रत्येक लग्नाला हळद तिच्या गाण्याशिवाय दळली जायची नाही, पाळणा तिच्या ओवीशिवाय हलायचा नाही. मराठी ओवी गाता गाता ती कानडीत शिरायची आणि माघारी यायची, एकाच घराच्या दोन खोल्या असाव्यात तशी. कुणाकडं जायचं, कुणाकडं नाही, हे तिच्या पायावर ठरायचं. ती गेली म्हणजे वाट झाली.

कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावरून पदर. दुर्बिणीपासून चार पावलांवर तिनं चपला काढल्या.

"हितनं बघायचं व्हय?"

"व्हय निंगव्वा. ह्या काचेला डोळा लावा. हात लावू नका, हलेल."

निंगव्वानं हात जोडले. कमरेच्या बटव्यातनं चिमूटभर विभूती काढून दुर्बिणीच्या नळीला एक बोट ओढलं. दाक्षायणीचा जीव काचेसाठी वरखाली झाला, पण बोट पितळेवरच थांबलं. मग निंगव्वा वाकली. तिचा चेहरा काचेशी नीट धरायला, नळी सांभाळायला दाक्षायणी शेजारी गुडघ्यावर बसली होती. निंगव्वाचं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

आणि दाक्षायणीला दिसलं, की निंगव्वाचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले आहेत. गाभाऱ्यात पिंडीपुढं उभं राहिल्यावर मिटतात तसे.

"निंगव्वा," ती पुटपुटली, "डोळा उघडा."

"गप बस ग," ओठ न हलवता निंगव्वा म्हणाली.

निंगव्वा तशीच वाकून राहिली, बघणारा जितका वेळ बघेल तितका वेळ. मग सावकाश उभी राहिली, पदरानं तोंड टिपलं, वस्तीकडं तोंड केलं आणि गळा काढला.

"पहिली माझी ओवी गं, मावळतीच्या दाराला
शुक्राची चांदणी आली, गुरुरायाच्या घराला.
एका देवळीत दिवं गं, लावलं कुणी दोन
या गं सयांनो बघाया, सांज चाललीया निघून."

ओवी संपेपर्यंतही कुंपण थांबलं नाही. आधी बायका आल्या, मग बायकांना मागं टाकत पुरुष आले, मग कुणाची तरी कोंबडीसुद्धा आली. बाळासो "लाइनीत! लाइनीत!" म्हणून ओरडत धावला आणि धावता धावता स्वतःच पहिला नंबर लावून बसला.

रांग लागली. मैदानाला वळसा घालून नळापर्यंत गेली.

माणसं वाकत होती, बघत होती, उठत होती. काहींनी निंगव्वासारखे हात जोडून डोळे मिटले. दाक्षायणी त्यांचा खांदा हलवून म्हणायची, "उघडा, डोळे उघडा, देव पळत नाही." उघडल्यावर "अगागा!" व्हायचं. पण विचारलं, काय दिसलं, तर जो तो तेच सांगायचा.

"देवळी दिसली बाई. दोन दिवं."

"देवळी नाही, कोनाडा नाही, ती दुर्बिणीची गोल कड आहे. मोठा दिसतो तो गुरू. त्याच्या शेजारचे बारीक ठिपके बघितलेत? ते त्याचे चंद्र."

"व्हय, व्हय. देवळीतच हायत."

सोजरबाईनं इतका वेळ डोळा लावला, की मागची रांग कुरकुरली. उठून म्हणाली, "लढाई न्हाय काय न्हाय. जाऊबाई-जाऊबाई नळावर उभ्या ऱ्हायल्यागत ऱ्हायल्यात."

"म्हंजे लढाईच की!" मागून कुणी तरी म्हणालं, आणि रांगभर हशा पिकला.

रुद्रप्पांनी शेवटी खिशातनं चष्मा काढला. बघून झाल्यावर बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. मग व्यवहाराच्या आवाजात म्हणाले, "निंगव्वानं बघितलं म्हंजे झालं. दुर्बीण ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. पण बाई, पुढच्या वेळी तिलाच आधी बोलवा. वेळ वाचंल."

"बरं," दाक्षायणी म्हणाली.

हवं ते मिळालं होतं. पण ज्या बाईनं काही बघितलंच नव्हतं तिच्या साक्षीवर ते मिळालं होतं, आणि मुलींना ती रोज काय शिकवायची? डोळ्यांनी बघा, मगच बोला.

रांग ओसरली. माणसं पिठाच्या गिरणीकडं, चुलीकडं, दुसऱ्या पाळीकडं पांगली. दोन्ही ग्रह आता कडुनिंबाच्या फांद्यांत उतरले होते. दाक्षायणी नळीवरची विभूती रुमालानं पुसायला वळली, तर शाळेच्या पायरीवर निंगव्वा पोटऱ्या दाबत बसलेली.

"गेला नाहीत?"

"सगळी गेली का?"

"गेली."

"कुणाला काय झालं?"

"काय व्हायचंय? निंगव्वा, तुम्ही डोळे का मिटले?"

निंगव्वानं इकडं तिकडं बघितलं. बाळासो खुर्ची आत न्यायला गेला होता.

"भ्याले की," ती म्हणाली. "पोरगी बाळंतपणाला आलीया घरी. दिवस भरल्यात. मागं दोनदा रिकाम्या हातानं परत गेली. घरावर येतं म्हणाल्यावर... तुमी लई ओरडत हुता बाई. आवाज बसला हुता तुमचा. कुणीच जाईना. म्हटलं, तोंड पुढं करावं, डोळं मागं ठिवावं. बघितलंच न्हाय तर पहिली कशी ठरीन मी?"

दाक्षायणीला बोलायचं होतं. की ग्रह कोट्यवधी मैलांवर असतात, की ते जवळ आलेलेच नसतात, आपल्या नजरेच्या रेषेत आलेले असतात फक्त, की त्यांना होटगी रोड ठाऊक नाही, आणि तुमची मुलगीही. सगळं जिभेवर आलं. पण आपल्यासाठी भीतीला बगल देऊन आलेल्या बाईला पाठ कसा द्यायचा, ते तिला कळेना.

"मग पहिला कोण ठरला?" एवढंच तिनं विचारलं.

"त्यो तुमचा शिपाई."

दोघी हसल्या. निंगव्वा गुडघ्यावर हात देऊन उठली.

"आता गावानं बघितलं. असला काय दोष, तर वाटून वाटून कुणाच्या वाट्याला ज्वारीच्या दाण्याएवढा बी आला नसंल. आता दाव मला."

दाक्षायणीनं काचेतून बघितलं. नुसती फांदी आणि पानं. झाड आडवं आलं होतं. तिनं बाळासोला हाक मारली, मग हाकेची वाट न बघता स्वतःच तिपाई उचलली. निंगव्वानं दुसरा पाय धरला. वऱ्हाडाची सनई चुकून भलत्याच मांडवात न्यावी तशी त्या दोघींनी दुर्बीण मैदानाच्या पार टोकाला, कुंपणापाशी नेली. तिथं झाड सुटत होतं. खाली गिरणीच्या धुराचा थर आणि त्याच्या जरासे वर ते दोघं, लालसर झालेले, हलणारे.

"बघा. लवकर."

निंगव्वा वाकली. दाक्षायणी पुन्हा वीतभर अंतरावरून तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. एक डोळा मिटलेला होता. दुसरा उघडा होता, सताड, आणि काचेतून आलेला उजेडाचा एवढासा ठिपका त्या बुबुळावर पडला होता.

ओवी नाही, अगागा नाही. निंगव्वा म्हणाली, "हालालंय. एक लई हालालंय. दुसरं तसं न्हाय."

"धुरामुळं."

"असंल." तिनं डोळा काढला नाही. "देवळी कुटाय?"

"देवळी तुम्हीच घातलीत."

"व्हय की," निंगव्वा म्हणाली, जणू दुसऱ्या कुणाची चूक दाखवून दिली असावी. ग्रह धुरात शिरले, तांबूस झाले आणि दिसेनासे झाले. तरी ती वाकलेलीच होती.

महिन्याभरानं वस्तीतून बारशाचं बोलावणं आलं. दाक्षायणी झबलं घेऊन गेली. घरात बायकांची दाटी, घुगऱ्यांचा वास, पाळण्यात मूठ चोखणारी मुलगी. सोजरबाईनं तिला जागा करून दिली आणि सवयीनं विचारलं, "तुमचा कधी खायचा लाडू?" निंगव्वानं पाळण्याची दोरी हातात घेतली. नेहमीच्या ओव्या झाल्या, कानडीत शिरून आल्या. सयांनी फर्माईश केली, ती दुर्बिणीतली म्हणा, देवळीची.

निंगव्वानं दाक्षायणीकडं बघितलं नाही.

"एक दिवा थरथरला गं, एक दिवा बसला गं
मिटला डोळा उघडला, तवा मला दिसला गं."

"अगं, ही ती न्हवं," सोजरबाई म्हणाली. "देवळी कुटं गेली?"

"न्हवती," निंगव्वा म्हणाली आणि पाळण्याला झोका दिला.